एक लांब, एक आखूड

नेस्केट नदी समुद्राला मिळते, त्याच्या पाऊण मैल अलीकडे
हमरस्ता मधोमध वळून बाजूला होतो.
व्हायचा, म्हणायला हवं.
आता फक्त नियमात होतो:
चोवीस तास आधी फोन करावा.

पूल नव्हता तेव्हा ऑस्मो केटोलाचा तराफा होता.
घोड्याला दहा सेंट, माणसाला पाच,
प्रेत असेल तर फुकट.
१९२६ला हायवे आला. ऑस्मोनं तराफा फोडून
कोंबड्यांचं खुराडं केलं,
आणि त्यालाच पुलावर ठेवून घेतलं.
तो म्हणायचा, आधी माणसं पलीकडे न्यायचे पैसे मिळायचे,
आता थांबवायचे मिळतात. पगार बराय.

एकशे नव्वद टन लोखंड
एका दगडी खांबावर बसवलेलं,
जात्याची वरची तळी खिळीवर बसते तसं.
मोटर यायची होती. मंदी आली.
तेरा वर्षं ऑस्मो आणि सायमा
छातीशी दांडा धरून गोल चालत राहिली,
पीठ कसलंच पडलं नाही.
पडली ती फक्त एक फट,
तिच्यातून बोटी गेल्या.

बोट विचारते: एक लांब, एक आखूड.
पूल म्हणतो हो: एक लांब, एक आखूड.
जमणार नसेल तर पाच आखूड,
घाबरलेल्या माणसासारखे.

मी गेले होते मोजमापं घ्यायला, पाडण्याआधीची.
केबिनमध्ये, रंगाच्या डब्यांखाली, नोंदवह्या सापडल्या.

*३ ऑगस्ट १९३८. सामन भरपूर. बोटी एकोणचाळीस.
मोटारवाले शिव्या देतात. फिनिशमध्ये उलट दिल्या.*

*डिसेंबर १९४१. दिवे लावायचे नाहीत असा हुकूम.
अंधारात फिरवला. पाण्याच्या आवाजावरून
कळतं कुठं थांबायचं.*

*१९ फेब्रुवारी १९५३. ओंडक्यांची रास मधेच अडकली.
पाच आखूड. अलीकडे रुग्णवाहिका.
चाळीस मिनिटं. मुलगी झाली, गाडीतच.
माझ्याकडे कुणी बघत नाही.*

त्यानंतर बरीच पानं अक्षर लहान होत गेलेलं आहे.

एकाला वाट द्यायची
म्हणजे दुसऱ्याला वाट पाहायला लावायची.
भाषेला हे आधीपासून ठाऊक होतं,
ऑस्मोला त्या रात्री कळलं.

मग लेम्पी आली, सायमाच्या बहिणीची.
आल्या आल्या तिनं खिडकीला पडदे लावले.
तिच्या वहीत वर्षाचे आकडे आहेत:
दोनशे तीन. एकशे दहा. नऊ.
माशांचे डबे भरणारा कारखाना बंद पडला,
त्याची शिट्टी कुणीतरी घरी नेली.
महिन्यातून एकदा ती रिकाम्या नदीसाठी पूल फिरवायची,
सांधे धरू नयेत म्हणून. तेलाचा खर्च लिहून ठेवायची.

शेवटचा फोन १९८९चा, ऑक्टोबरातला.
आर्मास हुह्ताला. बापाची बोट भंगारात चाललीय,
ओढून नेणार, उद्या दुपारच्या भरतीला.
किती उंच? लेम्पीनं विचारलं.
डोलकाठी कापलीय, तो म्हणाला. खालून जाईल.
मग फोन कशाला?
तो काहीच बोलला नाही. मागे कुठंतरी
नळ गळत होता, एवढं तिला ऐकू आलं
(हे तिनं मला सांगितलं, दारात उभ्यानंच,
आत बोलावलं नाही).

दुसऱ्या दिवशी फाटकं पडली.
सतरा मोटारी, एक लाकडाचा ट्रक.
मेलेल्या बोटीला भोंगा नव्हता,
म्हणून पुलानंच आधी वाजवला.
लोखंड कुरकुरत वळलं, नदीच्या धारेत आडवं न राहता
धारेसारखं झालं,
आणि ती बुटकी, बोडकी बोट
सगळं आभाळ मोकळं असताना गेली.
ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. रागानं की कसा,
लेम्पीला सांगता येत नाही.

वहीत शेवटची ओळ तिच्या हातची.
वेळ: दोन अठरा. उघडा: सात मिनिटं.
कारण: रिकामं.
डोलकाठीची उंची: एकेचाळीस फूट.